राहिलेला अर्ज

दिवाळी अंकाचे संपादक लेख मागतात तो श्रावणात. बाहेर पावसाची झिमझिम चाललेली, घरात ओल्या छत्र्यांचा वास भरून राहिलेला, आणि आपण मात्र कागदावर पणत्या लावत बसायचे! एरवी मी या प्रकाराची थोडी थट्टा केली असती. यंदा ती करवली नाही. कारण यंदा श्रावणातच आमच्या स्वयंपाकघरात अनारशाचे पीठ मुरत पडले होते. नातीने ते घातले होते. नात कोथरूडला राहते, संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि तिला सुट्टी फक्त शनिवार-रविवार. "दिवाळीत एकदम करायला गेले तर फजिती व्हायची, आजोबा. आधी रंगीत तालीम करते," असे म्हणून ती तांदळाची पुरचुंडी घेऊनच आली.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या दिवाळीत, आमच्याकडे तळण झाले नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत, संक्रांत होऊन चार दिवस झाले होते तेव्हा, ही गेली. रीतीप्रमाणे शेजाऱ्यांनी फराळाचे डबे आणून दिले. चार घरच्या चार चवी. एकाकडची चकली अगदी उत्तम होती. ती खाताना मला अपराध केल्यासारखे वाटले, तरी दुसरी उचललीच.

'ही' म्हणजे माझी पत्नी. बासष्ट वर्षे आमचा संसार झाला. मी तिला 'ही' म्हणालो, 'अगं' म्हणालो, मुले झाल्यावर 'तुमची आई' आणि नातवंडे झाल्यावर 'तुमची आजी' म्हणालो. नावाने हाक मारल्याचे स्मरत नाही. तिने तरी मला कुठे मारली? 'अहो', 'ऐकलंत का' आणि फारच राग आला तर भिंतीकडे पाहून, 'घरातल्या माणसांना कळायला नको का?' नात आणि नातजावई एकमेकांना नावाने अरे-तुरे करतात ते माझ्या कानाला गोड लागते. पण आमच्या तोंडी ते बसले नसते. आता या लेखात तरी नाव लिहावे असे मनात आले होते. लेखणी पुढे सरकत नाही. जन्माची खोड अशी एका लेखाने कशी जाणार?

खरे म्हणजे तिला नावे दोन होती. १९६१ सालच्या वैशाखात, अधिक महिना लागायच्या आत, वाईला आमचे लग्न झाले. ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने तिचे नवे नाव लिहिले आणि तिच्या आई-वडिलांनी अठरा वर्षे ज्या नावाने तिला हाक मारली ते नाव एका मिनिटात पुसले गेले. त्या वेळी त्याचे मला काहीच वाटले नाही. उलट माझे अक्षर तांदळात चांगले उमटले याचाच आनंद झाला! तिचे जुने नाव मी एकदाच नीट वाचले होते, ते तिच्या एस. एस. सी. च्या प्रमाणपत्रावर. मुलगी दाखवायच्या वेळी सासऱ्यांनी ते मोठ्या अभिमानाने पुढे केले होते. आदल्याच वर्षी ती परीक्षा उत्तीर्ण झाली होती आणि गणितात तिला असे गुण होते की मी तो कागद जरा घाईनेच परत केला. मी स्वतः दुसऱ्या खेपेला सुटलो होतो.

लग्नाला पंधरवडा होतो न होतो तोच अधिक ज्येष्ठ आला. जावयाला वाण द्यायचे म्हणून सासूबाईंनी कल्हईच्या पितळी डब्यात तेहतीस अनारसे घालून, वर तुपाचे निरांजन लावून डबा माझ्या हातात दिला. एस. टी. तून पुण्याला पोहोचेपर्यंत त्यांतले चोवीस उरले. बाकीचे कुठे गेले ते तिने कधी कुणाला सांगितले नाही. नवऱ्याची अब्रू झाकण्याचा तो तिचा पहिला प्रसंग.

आमचे बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्याच्या खालच्या मजल्यावर होते. दोन खोल्या, माझी आई आणि आम्ही दोघे. संसाराला दोन महिने झाले आणि १२ जुलै उजाडला. पानशेतचे नाव काढले की जुना पुणेकर अजून क्षणभर गप्प होतो. सकाळी कोणी म्हणे धरण फुटले, कोणी म्हणे नुसती अफवा. मी मिलिटरी अकौंट्समध्ये कारकून. अफवेसाठी रजा टाकणाऱ्यांपैकी नव्हतो. सायकल काढली आणि कँपात कचेरीला गेलो. दुपारी परत फिरलो तो पेठेच्या तोंडाशीच पाणी. त्यात एक लाकडी पाळणा गोल गोल फिरत होता. तो रिकामा आहे हे कळेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

संध्याकाळी सदाशिव पेठेत एका ओळखीच्या घरी दोघी सुखरूप सापडल्या. मग हकिकत कळली. ही पडली कृष्णाकाठची पोर. वाईला पूर आला की पाणी घाटाच्या पायऱ्या मोजत वर कसे चढते ते तिने लहानपणापासून पाहिलेले. नदीचा आवाज बदललेला तिला बरोबर उमगला. वाड्यातली माणसे अजून जिन्यावर उभी राहून वाद घालत होती, तेवढ्यात हिने निघायची तयारी केली. आई देवांवाचून पाऊल उचलीना. तेव्हा हिने अनारशांचा तो डबा रिकामा केला, त्यात सगळे देव फडक्यात गुंडाळून ठेवले, रेशनकार्ड ठेवले, माझ्या नोकरीचे कागद ठेवले, झाकण लावले, डबा कडेवर घेतला आणि दुसऱ्या हाताने सासूला धरून बाहेर पडली. तिची स्वतःची पत्र्याची ट्रंक कॉटखाली राहिली. तीत तिच्या माहेरच्या साड्या होत्या आणि तिचे प्रमाणपत्र होते.

पाणी ओसरल्यावर गेलो तर आमच्या खोल्यांच्या जागी गुडघाभर गाळ आणि मातीच्या भिंतींचा ढीग. ट्रंक सापडली नाही.

पुढचे काही महिने म्हणजे अर्जांचे दिवस होते. नुकसानीचा अर्ज, धान्याचा अर्ज, जागेचा अर्ज. कारकून असल्यामुळे मला मसुद्याची हातोटी होती, आणि वाड्यातल्या झाडून सगळ्या बिऱ्हाडांचे अर्ज मीच लिहिले. रात्री कंदिलाच्या उजेडात लिहीत बसे. ही कंदिलाची वात वरखाली करी आणि माझा एखादा ऱ्हस्व-दीर्घ हळूच दुरुस्त करी. अशाच एका रात्री शेवटचा अर्ज संपवून मी बोटे मोडत होतो, तेव्हा ती म्हणाली, "माझाही एक लिहाल का?"

"तुझा? कसला?"

"सर्टिफिकेट गेलं ना पुरात. बोर्डाकडे मागितलं तर दुसरं देतात म्हणे. पुढच्या जूनच्या आत मिळालं, तर..."

त्या 'तर'च्या पुढे ती बोलली नाही. पण मला सगळे कळले. शिक्षिकेचा अभ्यासक्रम करायचे तिच्या मनात होते. लग्नाच्या बोलण्यातही सासऱ्यांनी ते सुचवले होते आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

मी म्हणालो, "बघू."

या 'बघू'वर कोणीतरी एक प्रबंध लिहायला हवा. मराठी नवऱ्याच्या भात्यातला हा रामबाण. 'नाही' म्हणावे तर भांडण होते, 'हो' म्हणावे तर उठून काही करावे लागते. 'बघू' म्हटले की दोन्ही टळते आणि आपण विचारी आहोत असाही लौकिक राहतो. साडीची खरेदी, सिनेमाची तिकिटे, माहेरी जाणे, गळका नळ, सगळ्यांना हा एकच शब्द मी पुरवला. बाकीच्या वेळी तो खपून गेला. त्या रात्री मात्र तिने कंदिलाची वात खाली केली, ती पुन्हा वर केली नाही.

का बरे लिहिला नसेल मी तो अर्ज? चाळीसएक माणसांचे लिहिले, हा एकच नाही. आई दिवसभर एकटी पडेल, नवी सून पिशवी घेऊन बाहेर पडली तर लोक काय म्हणतील, नाव बदलल्याचे कागद जोडावे लागतील, अशी कारणे मी मनाशी लावून ठेवली होती. ती सगळी खरी होती आणि सगळी खोटी होती. तिचे ते गणितातले गुण पुन्हा घरात यायला नको होते, हे खरे कारण. लिहायला नव्वदीच्या उंबरठ्यावर यावे लागले!

पुढे गोखलेनगरात पूरग्रस्तांच्या वसाहतीत आम्हाला जागा मिळाली. थोरली झाली, चार वर्षांनी धाकटा झाला. १९६९ साली धाकटा बालवाडीत जाऊ लागला तेव्हा तिने आणखी एकदा विषय काढला. मी म्हणालो, "आता या वयात?" त्या वेळी ती सव्वीस वर्षांची होती.

त्यानंतर तिने सरळ कधी विचारले नाही. पण ती गोष्ट घरात एका भलत्याच रूपाने राहिली. मी काही आणायला विसरलो, काही पुढे ढकलले, की ती हसून म्हणायची, "अर्जात टाका!" मुलांना तो शब्द फार आवडला. थोरलीने शाळेचा निबंध लिहिला नाही की धाकटा ओरडायचा, "अर्जात टाकला!" पुढे सून आली, तीही म्हणू लागली. नातवंडे तर हा मराठी भाषेतला सर्वमान्य वाक्प्रचारच समजत होती. अमेरिकेतला नातू दूरध्वनीवर, "आजी, तुझा स्वेटर अजून घेतला नाही, अर्जात टाकलाय," म्हणाला तेव्हा सगळे घर खो-खो हसले. मीही हसलो. हसताना मी तिच्याकडे पाहत नसे.

तिच्या संसाराची दुसरी बाजू सांगायची तर जागा पुरणार नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापली की तुटायची आणि मुले नाक मुरडायची. हिने त्या पिठात काय मिसळले, उकड कशी काढली कोण जाणे, पण भाकरी अखंड उतरू लागली आणि शेजारणी परात घेऊन शिकायला आल्या. किलो-ग्रॅम येऊन वर्षे लोटली तरी ती स्वयंपाकघरात चिपट्या-मापट्यांनीच मोजायची. हिशेब मात्र दशांशात, तोंडी, आणि वाण्याच्या आधी. माझी आई शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिचे सगळे हिने केले. आई जाताना माझ्याऐवजी हिचा हात धरून होती, आणि मला ते योग्यच वाटले.

आणि दुपारी चारला आमच्या ओट्यावर वर्ग भरायचा. आधी आमचीच दोन, मग शेजारची तीन, मग कोणाकोणाची तरी पंधरा-वीस. पाढे, अपूर्णांक, वजाबाकीतला हातचा. फी नाही, गुरुपौर्णिमेला कोणी नारळ आणून ठेवी तेवढाच. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना तिने कोळशाने फरशीवर सही गिरवायला शिकवली. त्या बाई पहिल्यांदा सही करून पगार घेऊन आल्या त्या दिवशी दोघींनी मिळून शिरा केला. वसाहतीतल्या बायकांचे अर्जही हीच लिहून द्यायची: नादारीचे, गॅसचे, रेशनकार्डातले नाव वाढवण्याचे. अक्षर मोत्यासारखे. माझ्याकडे लोक येईनासे झाले.

आता चाणाक्ष वाचक विचारतील, मग तिने स्वतःचा अर्ज स्वतःच का नाही लिहिला? मलाही हा प्रश्न पडायला पन्नासएक वर्षे लागली. त्याआधी एक प्रसंग सांगतो.

१९८१ साली थोरली बारावी झाली आणि मुंबईला वसतिगृहात राहून शिकायचे म्हणू लागली. मुलगी एकटी, शहर मोठे, खर्च दांडगा. मी चष्मा पुसला आणि ठेवणीतला शब्द काढला. ही स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसले, प्रवेशाचा छापील अर्ज माझ्यासमोर ठेवला, टाक उघडून माझ्या हातात दिला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ह्याच्यावर 'बघू' चालायचं नाही." एवढेच. तिने आवाज चढवला असता तर मी वाद घातला असता. मी सही केली. ती शाई वाळेपर्यंत तिथेच उभी राहिली आणि मग कागद घेऊन गेली. थोरली आज स्वतः निवृत्त प्राध्यापिका आहे. तिला हा प्रसंग माहीत आहे. त्यामागचा कंदील माहीत नाही. हा लेख वाचूनच कळेल.

२०२३ च्या अधिक श्रावणात नातजावयाच्या वाणाचे अनारसे हिनेच करायला घेतले. ऐंशी वर्षांचे वय, गुडघे दुखत, तरी स्टूल घेऊन शेगडीपाशी बसली. मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. अनारसा हे फार मानी पक्वान्न आहे. तांदूळ तीन दिवस भिजायला हवा, रोज पाणी बदलायला हवे. मग उपसून, फडक्यावर पसरून, दमट असतानाच कुटायचा, चाळायचा, गूळ घालून गोळे मुरत ठेवायचे. खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आंचेवर तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्याने वर तूप उडवत राहायचे. एवढे करूनही गुळाचा अंदाज चुकला की तो तुपात विस्कटतो. बायका त्याला 'हसला' म्हणतात. सगळी मेहनत मातीमोल झाली तरी शब्द मात्र कसा गोड!

मी सहज म्हणालो, "काय गं, तो अर्ज... तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. तूच का नाही लिहिलास कधी?"

तिने वर पाहिले नाही. "खाली तुमची संमती लागलीच असती ना घरात," ती म्हणाली. "म्हटलं, ज्यानं हो म्हणायचं त्यानंच लिहावा." आणि लगेच, "बघा! तुमच्या बोलण्याच्या नादात हा हसला."

तो हसलेला अनारसा तिने झाऱ्याने गोळा करून वाटीत घातला आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. तो मी खाल्ला. चवीला उत्तम होता. त्यावर मी काही बोलायला हवे होते. मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात नातजावई आला आणि ते राहिले. पुढच्या जानेवारीत ती गेली. नोंदणीच्या खिडकीवर कारकुनाने मयताचे संपूर्ण नाव विचारले तेव्हा मी तांदळात लिहिलेले नाव सांगितले. लग्नातल्या उखाण्यांनंतर कानावर पडेल एवढ्या आवाजात ते मी प्रथमच उच्चारले असेन, आणि तेसुद्धा कुणाला? तर एका खिडकीला! धाकटा शेजारी उभा होता, त्याने माझा दंड धरला.

तर त्या शनिवारी नातीची रंगीत तालीम चालली होती. पीठ त्याच पितळी डब्यात मुरले होते. पहिले तिन्ही अनारसे हसले. नात हिरमुसली नाही. पिठात चमचाभर तांदळाची पिठी मळली आणि चौथा सोडला. तो टिकला. मी नुसता बघत बसलो होतो. तूप उडवता उडवता तिने एकाएकी विचारले, "आजोबा, आजीचं माहेरचं नाव काय हो होतं?"

मी सांगितले. तिचे, वडिलांचे, आडनाव, सगळे. नातीने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. "छान आहे की," म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

मी उठून बाहेरच्या खोलीत आलो. टेबलावर फुलस्केप कागद होते, याच लेखासाठी काढून ठेवलेले. त्यांतला एक घेतला आणि समास आखला. हात थरथरतो, तरी मसुद्याची सवय मोडलेली नाही. विषय: एस. एस. सी. परीक्षा १९६० च्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, मूळ प्रमाणपत्र दि. १२ जुलै १९६१ रोजीच्या पुरात नष्ट झाले असून. पुढे ते जुने नाव लिहिले, कंसात नवे लिहिले. दोन्ही एका ओळीत मावली.

नात झारा हातात घेऊनच बाहेर आली, टिकलेला अनारसा दाखवायला. तिने वाकून कागद वाचला. पहिल्यांदा तिला हसू आले असावे. मग आले नाही. तिने तो पुन्हा वरपासून वाचला.

"आजोबा," ती म्हणाली, "'अर्जात टाका' म्हणजे हा?"

मी मान हलवली.

तिने कागदाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात बोट ठेवले. तिथे तुपाचा डाग उमटला. "पण इथे सही आजीची लागेल ना?"

आत कढईतला पाचवा करपायला लागला होता. वास आला तशी ती धावली.